देवजी चोपदाराची ललकारी

जव्हारच्या दरबारात देवजी चोपदारानं ललकारी दिली, की दूरच्या साखरशेत गावात अंड्यांवर बसलेल्या कोंबड्या उठून उभ्या राहत. ही गोष्ट मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्यानं मला थापाड्या म्हटलं. म्हणोत. ज्यांनी ती ललकारी आपल्या कानांनी ऐकली होती, त्यांच्यापैकी एकानंही म्हटलं नाही. उलट ते माझीच कीव करत. "कोंबड्यांचं काय घेऊन बसलात मास्तर? आमचा पोशेऱ्याचा बैल पाय ताणून पडला होता, भगतानंसुद्धा हात टेकले होते. दसऱ्याच्या दुपारी आपला आपण उठला नि जव्हारकडं तोंड करून उभा राहिला." पोशेरा तिकडं मोखाड्याच्या अंगाला, मध्ये उभे डोंगर. पण खरंखोटं बैलाला कोण विचारणार?

माणूस म्हणाल तर मूठभर. दरबारी अंगरखा घातला की अंगरखाच चालत येतोय असं वाटायचं. एवढ्याशा देहात एवढा आवाज हा ठेवतो कुठं, हे आमच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांना पडलेलं कोडं होतं. आवाजाची निगा मात्र तो अशी ठेवायचा, की तशी आमच्या मुख्याध्यापकांनी बायकोचीही कधी ठेवली नाही. वैशाखातसुद्धा गळ्याला मफलर. गालात ज्येष्ठमधाची काडी. चिंच नाही, दही नाही, उन्हातून आल्यावर माठाचं पाणी नाही. आणि दरबाराच्या दिवशी सकाळपासून मौन. त्या दिवशी सगळी आळी दुपारपर्यंत निवांत झोपायची.

बाकी दिवशी मौनाचं नाव नको. हळू बोलणं म्हणजे काय हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. एकदा मला बाजूला घेऊन, इकडंतिकडं बघून, तोंडाला हाताचा आडोसा करून त्यानं सांगितलं, "मास्तर, कुणाला बोलू नका, पण कारभाऱ्याच्या घरात रोज भांडणं होतात." संध्याकाळी कारभारी माझ्या दाराशी. त्यानं ते तळ्यापलीकडच्या आपल्या ओट्यावर बसून ऐकलं होतं.

त्याची बायको चांगुणा एका कानानं बहिरी होती. "लगीन झालं तवा दोन कान व्हते," ती माझ्या बायकोला सांगायची. "एक ह्यांनी खाल्ला. दुसरा मी त्यांच्या उलट्या अंगाला ठेवून निजते."

मग संस्थान विलीन झालं. आम्ही रातोरात ठाणे जिल्ह्यात जाऊन पडलो. दरबार संपला, चोपदाराची चांदीनं मढवलेली काठी, तिला ते चोब म्हणत, ती खजिन्यात जमा झाली. देवजीला मामलेदार कचेरीत पट्टेवाला म्हणून घेतलं आणि पुकाऱ्याचं काम दिलं. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. नव्या सरकारनं केलेलं हे एक शहाणपणाचं काम होतं असं आम्ही समजत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं "लखमा वल्द रामा हाजिर है ऽऽऽ?" म्हणून पुकारा केला आणि कचेरीसमोर तीन वेगवेगळ्या गावचे तीन लखमा हात जोडून उभे राहिले. त्यातला एक तर वांगणीच्या रानात मोहाची फुलं वेचत होता. टोपली घेऊनच आला. रावसाहेबांनी, म्हणजे मामलेदारांनी, त्याला विचारलं, "तुझा काय दावा आहे?" तो म्हणाला, "माजा कायबी नाय. पण एवढ्या मोठ्यानं बोलावलं, मंग यायला नको?"

हसून घ्या. पुढं हसायला फारसं नाही.

देवजी आणि चांगुणाला फार वर्षं मूल नव्हतं. मग पोशेऱ्याकडच्या आपल्या पाड्यावर, बोहाड्याच्या जगदंबेला त्यांनी नवस केला आणि मुलगा झाला. म्हणून त्याचं नाव नवसू. नवस असा होता, की पोराला मिसरूड फुटलं की तो बोहाड्यात म्हैसासुराचं सोंग घेईल. बोहाडा म्हणजे आमच्याकडच्या डोंगरातला, उन्हाळ्यात होणारा मुखवट्यांचा उत्सव. एकेका घराकडं एकेका सोंगाचा मान असतो. लाकडी मुखवटा तोंडावर बांधून, संबळाच्या तालावर नाचत देव आणि राक्षस गावातून जातात. खेळ सगळा रात्रीचा, पण शेवटचं सोंग सकाळच्या उन्हात निघतं. जगदंबा आणि म्हैसासुराची लढाई. म्हैसासूर हरतो, देवळासमोरच्या पाराजवळ पडतो, आणि मग देवीची आरती होते. आरती संपेपर्यंत पडलेल्या म्हैसासुराला कुणी हात लावायचा नाही, असा त्या पाड्याचा नियम. राक्षस अर्धा मेलेला असताना त्याला शिवलं तर तो शिवणाऱ्याच्या घरात शिरतो म्हणे.

नवसू पंधराचा झाला तेव्हा आवाज फुटत होता. बाप त्याला ललकारी शिकवायचा आणि पोराच्या गळ्यातून निम्मा चोपदार, निम्मा कोंबडा बाहेर पडायचा. माझ्या वर्गात होता. गणितात यथातथा, पण तोंडपाठ म्हणाल ते सारं पाठ. एकदा ऐकलं की गेलं डोक्यात.

त्या वर्षीच्या बोहाड्याला देवजीनं मला पाहुणा म्हणून नेलं. मी तिथं होतो, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होतो. जगदंबेचं सोंग चांगुणाच्या भावाकडं, काळूमामाकडं होतं. म्हशीची शिंगं असलेला तो जड मुखवटा नवसूच्या तोंडावर बांधलेला. त्या मुखवट्यातून दिसतं किती, तर भोकाएवढं. देवी तलवार परजत पुढं, म्हैसासूर मागं मागं. मागं सरता सरता तो पारावर चढला आणि पाराच्या पलीकडच्या कडेवरून पाठमोरा खाली गेला. डोकं दगडावर आदळलं, पण तो आवाज संबळात कुणाला ऐकू यायचा?

म्हैसासूर पडला होता. पडायचाच होता. लोकांनी उदो उदो केला. मग तो खाली पडल्या पडल्या थडथडू लागला, हातपाय झाडू लागला, तेव्हा एक म्हातारा ओरडला, "वारं आलं! पोऱ्याच्या अंगात देव आला!" संबळवाल्यानं ताल दुप्पट केला. आणि देवजी चोपदार पुढं झाला. विलीनीकरणानंतर पहिल्यांदा त्यानं दरबारी ललकारी दिली. "निगा रखो ऽऽऽ! जगदंबेचा उदो ऽऽऽ!" पोराच्या डोक्यापासून दोन हातांवर उभं राहून. नवसाचं फळ पदरात पडल्याच्या आनंदानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच्या उभ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी ललकारी. त्या दिवशी कोंबड्या उठल्या की नाही, ते मी कुणाला विचारलं नाही.

रक्त पहिल्यांदा दिसलं चांगुणाला. अर्धी बहिरी बाई. गोंगाट तिच्यापर्यंत कमी पोचायचा म्हणून ती बघत होती. मुखवट्याच्या हनुवटीखालून काळसर धार आली होती. ती धावली, तर मुखवट्यातून काळूमामा ओरडला, "चांगुणे, थांब! आरती पुरी व्हायची हाय!" ती थांबली नाही. तिनं मुखवट्याची दोरी दातांनी तोडली. आरती तिथंच अर्धी राहिली, आणि ही गोष्ट काळूमामानं मनात ठेवली.

सागाचे ओंडके घेऊन जाणाऱ्या एका लॉरीत घालून पोराला नाशकाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं डोक्याला पट्ट्या बांधल्या आणि दोघांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "मेंदूला जबर मार आहे. वाचला तर वाचेल. पण घरी नेताना तुम्ही आणलेलाच मुलगा परत नेताय, असं धरून चालू नका."

नवसू शुद्धीवर आला तो आषाढात. डोळे उघडले, छताकडं बघितलं. देवजी खाटेशेजारीच बसलेला. आनंदानं तो नेहमीसारखा बोलला, "नवसू! अरं पोऱ्या!" पोरानं कानांवर हात न्यायचा प्रयत्न केला, एकच हात उठला. किंचाळी फोडली आणि त्याला झटका आला. हातपाय तसेच थडथडले. नर्सनं देवजीच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. "बाबा, परत असा आवाज काढलात तर दाराशीसुद्धा उभं करणार नाही!"

मला हे चांगुणानं सांगितलं. ती म्हणाली, "व्हरांड्यात येऊन भिताडाला टेकले. म्हनले काय तर, 'ह्याच्या कानात अजून तीच हाय.' बस्स. तवापासनं त्यांचं तोंड मिटलं."

जव्हारला परत आला तो देवजी दुसराच होता. कुजबुजायचा. ज्याला हळू बोलणं माहीत नव्हतं त्या माणसानं या वयात ते शिकून घेतलं होतं, आणि परकी भाषा शिकलेल्या माणसासारखं अडखळत ते बोलायचा. मफलर गेला, ज्येष्ठमध गेलं. पोराला कुठलाही मोठा आवाज सोसत नव्हता. भांडं पडलं तरी कान दाबून विव्हळायचा, कधी झटका यायचा. देवजीनं घरातली भांडी खुंट्यांवरून काढून गोणपाटावर मांडली. विहिरीच्या रहाटाला चिंध्या गुंडाळल्या. गाईच्या गळ्यातली घंटा काढली. मग तो आळीत घरोघर गेला आणि प्रत्येकाच्या कानाशी लागून हात जोडले.

आमची आळी ही भांडणासाठी तालुक्यात नावाजलेली. ती आळी कुजबुजून भांडायला शिकली हो! नळावर, म्हणजे तेव्हाच्या विहिरीवर, दोघी बायका नाकाला नाक लावून फिस्कारत उभ्या असायच्या. नव्या माणसाला वाटे, काय हा जिव्हाळा! माझ्या शेजारणीनं माझ्या बायकोच्या सात पिढ्या उद्धरल्या त्या इतक्या मृदू स्वरात, की मी घरातून ओरडलो, "कोण गं, पोथी वाचायला आलंय का?" दोघींनी एकदम माझ्याकडं वळून "शूऽऽ!" केलं.

कचेरीतलं जमेना. देवजीनं पुकारा केला की तो घरी पोचणारच, आणि घरात नवसू. एके दिवशी त्यानं "हाजिर है" म्हणायचं सोडलं. नाव निघालं की तो खाली उतरायचा, आंब्याखाली बसलेल्या पक्षकाराला शोधायचा आणि त्याच्या कानात सांगायचा, "चला, नाव निघालं." आता, सरकारी पट्टेवाला कानाशी लागला म्हणजे काय समजायचं, हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला लागत नाही. पहिल्यानं त्याच्या मुठीत चवली कोंबली. देवजी ती परत द्यायला पुन्हा कानाशी लागला, तर त्याला वाटलं कमी पडली, त्यानं आणखी एक कोंबली. शेवटी कुणीतरी तक्रार केली. रावसाहेबांनी बोलावून विचारलं, "चोपदार, पुकारा का करत नाही? घसा बसलाय?"

"नाय रावसाहेब."

"मग?"

"पोरगा झोपलाय," देवजी कुजबुजला.

रावसाहेब नवे होते. त्यांना वाटलं माणूस बिघडला. पुकारा दुसऱ्याकडं गेला, देवजीला दप्तरं झटकायला आत बसवलं. नवा पुकारणारा बिचारा ओट्यावरून ओरडायचा, ते आंब्यापर्यंतसुद्धा जायचं नाही.

राहिली मोटार. मोखाड्याहून येणारी सरकारी मोटार नेमकी देवजीच्या घरामागच्या वळणावर भोंगा वाजवायची. वळण आंधळं, वाजवणं भागच होतं. देवजीनं आपल्या दरबारी पोशाखाचा लाल कमरपट्टा काढला, बांबूच्या काठीला बांधला आणि मोटारीच्या वेळेला वळणावर जाऊन उभा राहू लागला. समोरून कुणी येत नसलं की पट्टा हलवायचा. ड्रायव्हर आधी शिव्या द्यायचे. मग त्यांना कारण कळलं. त्यानंतर ते भोंगा तर सोडाच, उतारावर इंजिन बंद करून मोटार नुसती घरंगळत न्यायला लागले. कंडक्टर उतारूंना बजावायचा, "गप बसा रं, चोपदाराचं घर आलं." कोंबड्यासुद्धा पिशवीत चोच मिटून बसत, असं मी म्हणतो. तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या.

नवसूचा उजवा हात मेला होता, उजवा पाय ओढत होता, आणि शब्द सगळे गेले होते. अंगणात देवजीनं बांबूचा कठडा बांधला. त्याला धरून बापलेक फेऱ्या घालायचे, पुढं पोरगा, मागं बाप, दोघांच्या मध्ये पोराच्या कमरेला बांधलेलं धोतर. शब्द शिकवायची त्याची रीत त्याची त्यानंच काढलेली. आवाज चढवता येत नव्हता, म्हणून तो नवसूचा डावा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि अगदी खालच्या पट्टीत शब्द म्हणायचा. कंप हाताला लागायचा. मग तोच तळवा पोराच्या गळ्यावर. "चूल." पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. "चूल." महिनोन् महिने. मी शाळेतून येता-जाता बघायचो. सगळी हयात पोरांना शिकवण्यात घालवलेला माणूस मी, पण तेवढा दम माझ्यात नव्हता.

पहिला शब्द आला तो चूलच. चांगुणा पदर तोंडात कोंबून रडली. पण मग सगळंच चूल. पाणी चूल, गाय चूल. आईलाही चूल. मी समोर बसलो तर माझ्याकडं बघून आदरानं म्हणाला, "चूल." मी म्हटलं, "बरोबर आहे बाबा, सारखा पेटलेला असतो मी." देवजी तेवढं एकदा हसला. आवाज न करता.

सगळंच असं गोड नव्हतं. पोरगा चिडायचा. गरम पेज आईच्या अंगावर फेकायचा. बापाच्या मनगटाला त्यानं असा चावा घेतला, की वण कायमचा राहिला. आईला आई म्हणून ओळखत नव्हता, दारात परकी बाई आल्यासारखा तिच्याकडं बघायचा. सोबतीची पोरं आधी येत, मग एकेक करून यायची बंद झाली. लोक तोंडावर धीर देत आणि वळल्यावर म्हणत, गेला असता तर सुटला असता. हे वाक्य चांगुणानं आपल्या चांगल्या कानानं ऐकलं होतं.

दुसऱ्या वर्षी नवसू पाच-सात शब्द बरोबर बोलू लागला, तेव्हा काळूमामा पोशेऱ्याहून आला. त्याचं म्हणणं सुरुवातीपासून एकच, "आरती अर्धी राहिली, म्हणून पोराचं अर्धं देवीनं ठेवून घेतलंय. आरती पुरी करा." देवजीनं मान हलवून नाही म्हटलं. काळूमामानं तो कचेरीत जायची वाट बघितली. चांगुणाही थकली होती. भाऊ सांगतोय, देवीचं नाव आहे, तिनं दार उघडलं. भगत आला, संबळवाला आला, आणि त्या अंगणात, बांबूच्या कठड्याजवळ, संबळावर टिपरी पडली.

देवजी दप्तरं टाकून धावत आला, तोवर नवसू जमिनीवर थडथडत होता. बापानं संबळवाल्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. काळूमामा ओरडला, "भावजी, पुरी होऊ द्या!" देवजीनं तोंड उघडलं. मी कुंपणाबाहेर होतो. गळ्याच्या शिरा वर आल्या, छाती भरली. वाटलं, आता हा माणूस असा आवाज काढील की काळूमामा पोशेऱ्यात जाऊन पडेल. पण खाली पोरगा होता. देवजीनं तोंड मिटलं आणि काळूमामाच्या पायांवर डोकं ठेवलं. "जा," तो कुजबुजला. "एवढी भीक घाल. जा."

सगळे शब्द गेले. चूलसुद्धा. त्या दिवशी संध्याकाळी चांगुणा भिंतीकडं तोंड करून बसली होती. देवजी तिच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हणाला, "उठ. तुझ्या जागी मी असतो तर मीबी दार उघडलं असतं. मी तर ललकारी दिली होती." दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा तळवा पुन्हा बापाच्या गळ्यावर होता. "चूल."

पुढं शब्द आले, हळूहळू वाक्यंही आली, वाकडीतिकडी. नवसूला आता मिशी आली होती, गाय सोडायचा, डाव्या हातानं पाण्याची कळशी आणायचा. बारीकसारीक आवाज सोसू लागला. पण ऐकलेलं त्याच्या डोक्यात राहत नसे. ज्या पोराच्या डोक्यात एकदा ऐकलेलं कायमचं बसायचं, त्याला सकाळचं संध्याकाळी आठवेना. आणि एके दिवशी ओट्यावर बसल्या बसल्या, माझ्यासमोर, त्यानं विचारलं, "बा, मी कसा पडलो?"

चांगुणा तांदूळ निवडत होती, तिच्या हातातलं सूप थांबलं. आळीत सगळ्यांनी ठरवून ठेवलं होतं, आंब्यावरून पडला म्हणायचं. देवजी पोराच्या समोर उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं, "बोहाड्यात म्हैसासूर झाला व्हतास. पारावरनं तोल गेला, डोकं आपटलं. तू तडफडत व्हतास. मला वाटलं देव आला. मी ललकारी दिली."

नवसू हसू लागला. "मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. देवजीनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत. त्या दिवशी पोरगा रडला. एकदा त्यानं काठी उचलून बापाच्या खांद्यावर मारली, आणि देवजीनं ती चुकवली नाही. पण तासाभरात सगळं पुसलेलं. पुन्हा तो प्रेमानं विचारायचा, "बा, मी कसा पडलो?"

"आंब्यावरनं पडला म्हना की वो," चांगुणा एकदा कळवळून म्हणाली. "रोज नव्यानं मरतंय पोरगं. तुम्हीबी मरताय."

"नको," देवजी कुजबुजला. "एक दिवस त्याच्या ध्यानात राहील. त्या दिवशी जे ध्यानात राहील ते खरं पायजे."

मी घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. हा माणूस रोज पोराचा हात गळ्यावर ठेवून त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट परत ठेवत होता, ती कशासाठी, तर एक दिवस पोराला आठवावं. आणि पोराला पहिल्यांदा नीट आठवणार ते हेच, की मी मरत होतो आणि माझा बाप आनंदानं ओरडत होता. ते आठवलं की पोरगा बरा झाला. आणि बरा झालेला पोरगा बापाकडं कसा बघेल, हे काही देवजीच्या हातात नव्हतं. तरी तो त्या दिवसाची वाट बघत होता. लगीनघाई असल्यासारखी.

माझी बदली झाली. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी देवजीच्या घरामागच्या वळणावर मोटारीची वाट बघत उभा होतो. तिथं मोटार थांबत नसे, पण देवजीचा लाल पट्टा आडवा झाला की थांबायची. बापलेक दोघेही आले होते. देवजी फारच वाळला होता. नवसू बापापेक्षा डोकंभर उंच, तोंड एका बाजूला ओढलेलं. मोटार वरच्या उतारावरून इंजिन बंद करून घरंगळत आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. कंडक्टरनं ट्रंक वर चढवली. मी खिडकीशी बसलो.

"बा," नवसू म्हणाला, "मी कसा पडलो?"

देवजीनं पट्ट्याची काठी काखेत धरली. "बोहाड्यात म्हैसासूर झाला..."

"ठावं हाय," नवसू म्हणाला.

देवजीनं मान वर केली.

"पारावरनं. मंग तू... ललकारी दिली." प्रत्येक शब्दाला तो जमिनीतून उपटून काढल्यासारखा जोर लावत होता. "काल सांगितलंस. परवाबी."

देवजीनं इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो समोर उभा होता, आणि त्याच्यापुढं कसं उभं राहायचं हे काही त्या माणसानं शिकून ठेवलेलं नव्हतं. तो पोराच्या तोंडाकडं बघत राहिला. काठीचा मार यायचा असेल तर यावा, म्हणून खांदा किंचित पुढं केला होता.

"कशी?" नवसू म्हणाला.

"काय, कशी?"

"ललकारी. ती नाय आठवत. कशी दिलीस?"

देवजीनं मोटारीकडं बघितलं, घराकडं बघितलं. मग त्यानं लाल पट्ट्याची ती काठी चोबेसारखी उभी धरली. टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली, मान मागं टाकली. छाती भरली. गळ्याच्या शिरा वर आल्या. तोंड उघडलं ते पूर्ण उघडलं, दरबारात उघडायचं तसं. नवसूनं आपला डावा तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला.

या माणसाच्या आवाजाबद्दल मी जन्मभर भलभलतं सांगत आलोय, कोंबड्या उठवल्यात, बैल उठवलाय. तेव्हा हेही ऐका. मोटारीचं इंजिन बंद होतं, उतारू श्वास धरून बसले होते, आणि मी खिडकीतून हाताच्या अंतरावर होतो. काही ऐकू आलं नाही. देवजी चोपदार सगळी ललकारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बिनआवाजाची देत होता. आणि गळ्यावरचा तळवा न हलवता, वाकड्या ओठांनी, तशीच बिनआवाजाची, नवसू ती त्याच्यामागून म्हणत होता.

ड्रायव्हरनं ब्रेक सोडला. मोटार आवाज न करता घरंगळू लागली.